रॅम्पच्या आधी नोट्स

मी जन्मापासून अंध आहे आणि पुण्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुरुवात कुठून करायची?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, नोट्सपासून. त्याला बजेट मंजूर व्हावं लागत नाही.

मराठी नोट्स अजूनही अनेकदा जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टात असतात. छापून सुबक दिसतात. पण एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावला की ‘राज्यघटना’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं कानावर आदळतात. त्या फायली युनिकोडमध्ये करून घ्या आणि नंतर जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घाला, तिथेच घोळ होतो. मथळा नुसता ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या. मग आम्हाला थेट हव्या त्या मुद्द्यावर जाता येतं. आणि वहीच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकणं कृपा करून थांबवा.

दुसरं, परीक्षा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे पर्यवेक्षकाच्या हातात लेखी द्या, नाहीतर घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढली जाते. लेखनिकाची गाठ आधी घालून द्या आणि खोली वेगळी ठेवा. उत्तर मोठ्यानं सांगायचं असतं. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात स्पष्ट केलंय.

आता रॅम्प. उतार १:१२ हवा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. आपल्या जुन्या दगडी इमारतींची जोती तीन-तीन फूट उंच, तिथे ३६ फूट आणि मध्ये सपाट टप्पेही लागतात. एवढी जागा नसेल तर उभा रॅम्प बांधून व्हीलचेअर ढकलायला शिपाई बोलावत बसू नका, तो वर्गच तळमजल्यावरच्या खोलीत हलवा. पुण्यात रॅम्प मोकळा दिसला की तिथे गाडी लागलीच. नुसत्या पाटीनं भागत नाही, वॉचमनला नेमून द्या.

यादी मात्र तुमच्या मनानं करू नका. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला विचारा: काय लागेल, कशात पुस्तकं वाचतोस? जून-जुलैत विचारलंत तर दिवाळीआधीच्या परीक्षेपर्यंत सोय होते.