जलपर्णी काढायचीय? मग आधी नदीच्या वरच्या अंगाला जा

आमची पहिल्या वर्षीची चूक आधी सांगतो, म्हणजे तुमचे दोन रविवार वाचतील. घाट घराजवळ म्हणून तिथूनच सुरुवात केली, पंधरा-वीस जण, हाताला फोड येईपर्यंत ओढलं, फोटोबिटो झाले, आणि पुढच्या आठवड्यात वरच्या बंधाऱ्यावरून नवे पुंजके वाहत आले न् घाट जैसे थे. पुण्याकडची पवना असो नाहीतर इंद्रायणी, काम कायम वरून खाली. एक शनिवार काढून बाईकवर काठाकाठाने वर जा, पहिली जलपर्णी दिसेल तिथपर्यंत, आणि नाले कुठे मिळतात, बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी कुठे तुंबतं ते मॅपवर पिन करा.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर लगेच. मार्चमध्ये नदी झाकली गेली की जेसीबीच लागतो. सांडपाण्याचं खत मिळालं की ही बया दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, थंडीत जरा मंदावते खरी, पण कागदावर हिशोब केला तर आजची एक पाटी सोळा आठवड्यांत २५६ पाट्या!

जाड नायलॉनच्या दोराला रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन बांधा आणि दोर पात्रात आडवा न टाकता तिरका टाका, म्हणजे वाहत येणारे पुंजके आपोआप एका काठाला लागतात, मग दाताळ्याने काठावरूनच ओढायचं. पाण्यात शक्यतो उतरूच नका, वाळू उपशाचे खड्डे दिसत नाहीत आणि मुळांत साप असतात. गमबूट, हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी फक्त चहा बघावा.

काढलेला ढीग काठावर सोडलात तर पहिल्या पुरात परत नदीत. यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पूररेषेच्या वर पातळ पसरून वाळवा, वजन एकदम उतरतं. कंपोस्ट होतं, पण शहरातल्या नदीची जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून ते भाजीला नको, फुलझाडांना घाला.

तणनाशकाच्या फवारणीचं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. मेलेली झाडं तळाला जाऊन कुजतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि रावेतला तर याच पवनेतून पिण्याचं पाणी उचलतात. जलपर्णी खाणारे भुंगे आहेत, १९८० च्या दशकात ते भारतात आणले न् बंगळुरूकडच्या तलावांत चांगले चालले, पण त्यांना काही वर्षं लागतात, आपल्या नद्यांत दर पावसाळ्यात जलपर्णीसोबत भुंगेही वाहून जाणार, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका.

काठावरची बेशरमची झुडपं नुसती छाटू नका, तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो, मुळासकट खणा आणि उन्हात उलटी टाका. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालूनच उपटा, नाहीतर खाज सुटते.

जलपर्णीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे काढलेल्या जागेवर दर पंधरा दिवसांनी दोघांनी फेरी मारायचीच, चार रोपं दिसली तर तिथल्या तिथे उचलायची. आणि पिन केलेल्या नाल्यांचे तारीखवार फोटो लावून पालिकेत लेखी अर्ज टाका, पोच घ्यायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो न् अर्ज 'सापडत नाही' झाला.