'अस' दिसला की 'आय' लावू नका: लॅटिन अनेकवचनांतल्या या चुका टाळा

घोडा-घोडे, आंबा-आंबे म्हणणारे आपण काकाचं 'काके' करत नाही. तिन्ही शब्द आकारान्त, तिन्ही पुल्लिंगी, तरी काका अनेकवचनातही काकाच राहतो. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांचंही तसंच आहे. फंगसचं फंगाय होतं हे एकदा कळलं, की मुलं शेवटी 'अस' असलेल्या दिसेल त्या शब्दाला 'आय' चिकटवतात.

स्टेटसचं 'स्टेटाय' होत नाही. स्टेटस, सेन्सस, ॲपरेटस हे लॅटिनमध्ये वेगळ्या गटातले. तिथे त्यांचं अनेकवचन लिहिताना एकवचनासारखंच दिसायचं, फक्त शेवटचा उकार दीर्घ व्हायचा. इंग्रजीत सरळ स्टेटसेस, सेन्ससेस लिहा. व्हायरसचंही व्हायरसेसच. ऑक्टोपस तर मुळात ग्रीक, म्हणून ऑक्टोपसेस. कॉर्पस (मजकुराचा संग्रह) आणि जीनस (जीवशास्त्रातला सजीवांचा गट) यांचं घराणं आणखी निराळं: कॉर्पोरा, जेनेरा.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडतो तो आपल्या रोजच्या बसचा शब्द. १८२९ मध्ये लंडनच्या रस्त्यावर शिलिबीर नावाच्या गाडी बनवणाऱ्याची घोडागाडी आली, ती 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. शब्द आधीच अनेकवचनी, तोही विभक्तीसकट! पुढे लोकांनी मूळ शब्द टाकून शेपूट तेवढं ठेवलं. 'सर्वांसाठी'मधलं 'सर्व' गळून नुसतं 'साठी' उरावं, तशी ही बस. तिला 'आय' लागणार कुठून?

उलटी चूक अर्जांमध्ये फार होते. 'आय ॲम ॲन ॲलम्नाय ऑफ धिस कॉलेज' हे वाक्य मी कितीदा तरी दुरुस्त केलं आहे. ॲलम्नाय म्हणजे अनेक माजी विद्यार्थी. एकटा मुलगा ॲलम्नस, एकटी मुलगी ॲलम्ना. तसंच एक जिवाणू म्हणजे बॅक्टेरियम; जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत 'अ बॅक्टेरिया' लिहू नका. अजेंडा मात्र मूळचा अनेकवचनी असला तरी आज एकवचनीच चालतो, कुणी 'अजेंडाज' लिहिलं तर खोडू नका. डेटाचं दोन्ही चालतं. शोधनिबंधात 'डेटा आर', एरवी 'डेटा इज'.

काही शब्दांना दोन अनेकवचनं आहेत आणि अर्थाप्रमाणे ती निवडावी लागतात. पुस्तकामागच्या सूची इंडेक्सेस, गणितातले घातांक इंडिसेस. छपरावरच्या अँटेना अँटेनाज, झुरळाच्या मिशा अँटेनी.