नाशिकला दोघंही नोकरीला, मूल लहान: सरकारी मदत नेमकी कुठे मिळते

धुळे, जळगाव, परभणीकडून सातपूर-अंबडला नवरा-बायको दोघं कामाला लागतात, सिडकोत खोली मिळते आणि मग प्रश्न उभा राहतो तो पाळणाघराचा. गावी आजी होती, इथे कुणी नाही. खासगी पाळणाघराची फी सरकार भरून देईल, ही आशा आधीच सोडा. साध्या खासगी नोकरीवाल्यांसाठी तसं अनुदान नाही. मदत आहे ती रजेची, जागेची आणि आहाराची, आणि तिचा मोठा भाग मालकाने द्यायचा असतो. म्हणून आधी कंपनीच्या एचआरला गाठा, अंगणवाडी नंतर.

जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. हे ५० मोजताना बाया-पुरुष सगळे धरतात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आलेला हा नियम आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, त्यात मधली सुट्टीही धरली आहे. पाळणाघर कंपनीच्या आवारातच हवं असं नाही. दोन-चार कारखान्यांनी मिळून चालवलं किंवा बाहेरच्या संस्थेशी करार केला तरी चालतं. लहान युनिटवाले जागा नसल्याची सबब सांगतात, तेव्हा हा मुद्दा कामी येतो.

प्रत्यक्षात उत्तर मिळतं, ‘आजवर कुणी मागितलंच नाही.’ तेव्हा तोंडी विचारू नका. चार-पाच जणींनी मिळून अर्ज द्या. मुलांची वयं, शिफ्टच्या वेळा, हजेरी क्रमांक लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ती पोच नसेल तर पुढे कामगार खात्याकडे तक्रार नेताना हातात काहीच राहत नाही. खरी गोची कंत्राटी कामगारांची होते. कंपनी म्हणते, तुम्ही ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडे तीसच माणसं. पगारपत्रकावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा, अर्ज त्याच्या नावे करा आणि प्रत कंपनीला द्या.

बाळंतपण व्हायचं असेल तर रजेचा हिशेब आत्ताच करा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा असते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडेच. अट अशी की अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं हवं. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर पैसे ईएसआय देतं. तिथे आधीच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे वर्गणीचे टप्पे) मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. नवी नोकरी धरताना जुना विमा क्रमांकच द्या. घाईत ठेकेदार नवा क्रमांक काढतो, मग जुने दिवस वेगळ्या खात्यावर राहतात आणि दावा अडतो. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन जादा विश्रांती मिळतात.

अंगणवाडीवर पाळणाघराचा भरवसा ठेवू नका. ती काही तासांचीच असते आणि आठ तासांच्या शिफ्टला पुरत नाही. तरी नाव घालाच: सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना गरम जेवण आणि पूर्वशालेय शिक्षण. गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदणीचं ॲप) तिथून स्थलांतर करून घ्या, नाहीतर इथल्या नोंदणीत अडथळा येतो. आहार घेताना चेहऱ्याची पडताळणी होते, त्यामुळे दिवसा कोण जाऊ शकेल ते सेविकेशी आधीच बोला.

सरकारच्या ‘पाळणा’ योजनेतली केंद्रं खास मुलं सांभाळण्यासाठीच आहेत. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. घराजवळ असं केंद्र आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. तिथेही साडेसात तासांत जाण्यायेण्याचा वेळ बसत नाही. गोंदे किंवा सिन्नरला जाणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळचा शेजार आधीच जोडून ठेवावा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे (बाळंतपणासाठीची सरकारी मदत) पहिल्या बाळासाठी ५,००० (३,००० आणि २,००० असे दोन हप्ते) आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळणाऱ्यांना मात्र हे नाही. घरकाम, शिवणकाम करणाऱ्यांनी अर्ज जरूर भरावा. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते बहुधा गावच्या बँकेतलं बंद पडलेलं खातं निघतं.

प्राप्तिकरात डे-केअरच्या फीला सूट नाही. प्ले-स्कूल, नर्सरीची ट्यूशन फी मात्र कलम ८०सी (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलम १२३) खाली दोन मुलांपर्यंत, एकूण दीड लाखाच्या मर्यादेत बसते. तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. एकाच ठिकाणी प्ले-स्कूल आणि डे-केअर असेल तर ट्यूशन फीची पावती वेगळी मागा. एकत्र पावतीतून ती रक्कम वेगळी काढणं नंतर जमत नाही.

राज्य सरकारी नोकरीत असलेल्या आईला १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्र सरकारी नोकरीत ७३० दिवसांची. केंद्राच्या रजेत पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढे ८० टक्के.