काडतुसे साठवताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे अनेक शेतकरी बंदुकीची नळी जिवापाड जपतात, पण काडतुसांचा डबा जागा मिळेल तिथे ठेवतात. कोरड्या, थंड जागी ठेवलेले चांगले काडतूस कित्येक दशके टिकू शकते. निष्काळजीपणे ठेवलेले मात्र काही मोसमांतच बिघडू शकते.

सर्वांत घातक चूक म्हणजे गोठ्याजवळची साठवण. दिंडोरीकडच्या एका परिचितांनी ०.३१५ रायफलची काडतुसे गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, युरियाच्या गोण्यांशेजारी ठेवली होती. पावसाळ्यानंतर त्यांनी डबा उघडून दाखवला, तेव्हा पितळ वरवर ठीक दिसत होते. पण गोळी आवळून बसवलेली असते त्या मानेवर उभ्या, केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या होत्या. "पुसून घेतली की चालतील," असे त्यांचे म्हणणे होते. मी ती वापरू दिली नाहीत, कारण अशी मान बार उडताना फाटते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्करी तबेल्यांत साठवलेली काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत असत. घडवताना पितळात ताण उरतो आणि जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्यावर हल्ला करतो, हा उलगडा १९२१ मध्ये झाला.

दुसरी चूक पत्र्याच्या छपराखालच्या माळ्याची. उन्हाळ्यात नाशिकचा पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. धूररहित दारूतील नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतच असते. तापमान वाढले की तो वेग झपाट्याने वाढतो आणि दारू टिकवणारे स्थिरक लवकर संपते. बाहेरून पुसलेले काडतूस आतून कसे आहे, हे त्यामुळे कळत नाही.

काडतुसांना तेल लावू नये, ते टोपीपर्यंत, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत, झिरपते. चामडी पट्ट्यात वर्षभर ठेवू नयेत, पितळावर हिरवा थर चढतो. ओली झालेली काडतुसे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवण्याची घाई तर कोणीच करू नये. नवख्यांना हीच घाई फार असते.

मी स्वतः घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल घालून, आतल्या खोलीतील कपाटात डबा ठेवतो, खरेदीचा महिना वर लिहितो आणि जुनी आधी वापरतो. इगतपुरी, त्र्यंबककडच्यांनी पावसाळ्यात जेल अधिक वेळा बदलावे. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे. बाद काडतुसे जाळू किंवा पुरू नयेत. ती कुठे जमा करायची, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.