घरच्या एअरगनसाठी अवजारं: कोणती घ्यावीत, कोणती नकोत

एअरगन वापरून कमी बिघडते. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून आणि नको तिथे तेल ओतून जास्त बिघडते. कोल्हापुरात हा धोका अंमळ अधिकच, कारण कारखान्यांच्या उद्यमनगरच्या शेजारी वाढलेला माणूस स्वतःला निम्मा फिटर समजतोच. ‘खोलून बघू की’ म्हणून सकाळी सुरुवात होते आणि संध्याकाळी बंदूक पिशवीत सुटी होऊन कुणातरी जाणकाराच्या दारात पोहोचते. म्हणून अवजारांची यादी करण्याआधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते बघा.

आधी बंदूक ओळखा

नळी मोडून (म्हणजे सांध्यापाशी खाली वाकवून) ताणायची बंदूक असेल तर आत स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. घरी उघडण्याजोगी म्हणावी तर हीच. दुसरी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या बंदुका आता बहुतेक याच असतात आणि त्यांच्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाब असतो. चारचाकीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना सांगणं एवढंच की, पीसीपीसाठी बाहेरून साफसफाईचं सामान, उत्पादकाने दिलेल्या अॅलन की (षटकोनी खाचेच्या स्क्रूच्या किल्ल्या) आणि सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचणारे डोळे पुरेत. ती मुदत बहुधा दहा वर्षांची असते. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह घरी खोलायचे नाहीत. पुढचं सगळं स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल.

स्क्रू ड्रायव्हरवर पैसे खर्च करा

पहिली खरेदी हीच, आणि इथे काटकसर नको. बाजारातला साधा चपटा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो. स्क्रूच्या खाचेत तो फक्त वरच्या कडांना टेकतो, जोर लावला की वर सरकतो आणि खाच कुरतडतो. सोबत लाकडी बटावर एक लांब ओरखडाही काढतो. हवं ते पातं खाचेइतकं रुंद, खाचेइतकं जाड आणि टोकाशी दोन्ही बाजूंनी समांतर. बंदुकांसाठी मिळणारा बिटांचा संच असा असतो. तो नसेल तर चांगल्या पोलादाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन उद्यमनगरात ग्राइंडिंगवाल्याकडून मापाप्रमाणे घासून घ्या. घासताना पातं वरचेवर पाण्यात बुडवायला सांगा. निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरला म्हणून समजा, मग ते पहिल्याच जोराला वाकेल.

अॅलन की मिलिमीटरच्या घ्या. अमेरिकी बनावटीची बंदूक असेल तर इंचाचा संच वेगळा लागतो; ‘जवळजवळ बसतेय’ अशी की सहा कोन गोल करून ठेवते.

या दोन गोष्टी हातात आल्या की आणखी काही घेण्याआधी बटाचे स्क्रू तपासा. नेम अचानक बिघडल्याच्या तक्रारींत हेच सैल स्क्रू वारंवार सापडतात, कारण स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का पुढे-मागे असा दोन्हीकडे बसतो. स्क्रू वारंवार सुटत असतील तर निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. लाल लावू नका, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही.

पिना, हातोडी आणि इडलीपात्र

चाप आणि मागचा ब्लॉक पिनांवर धरलेला असतो. त्या काढायला सरळ, एकसारख्या जाडीचे पिन पंच लागतात. खिळा किंवा निमुळता सेंटर पंच वापरला तर पिनेचं डोकं पसरतं आणि ती भोकात अडकते. 150 मिमीच्या व्हर्नियरने पिना मोजून त्यापेक्षा किंचित बारीक पंच घ्या. हातोडी पितळी किंवा नायलॉनच्या डोक्याची, वजनाला हलकी. खाली टेकवायला भोक पाडलेला लाकडी ठोकळा सुताराकडे टाकाऊ तुकड्यातून होतो, तो विकत घेण्यात अर्थ नाही.

सुटे भाग ठेवायला जुनं इडलीपात्र झकास: ज्या क्रमाने भाग निघतील त्या क्रमाने एकेका वाटीत. (घरात विचारून घ्या. ग्रीस लागलेलं पात्र पुन्हा चुलीवर जात नाही.) प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः चापाच्या बारीक स्प्रिंगा कोणत्या अंगाने बसल्या आहेत त्याचा.

स्प्रिंग काढायचा सांगाडा

इथे घाई चालत नाही. बंदूक ताणलेली नसतानाही आतली मुख्य स्प्रिंग दाबलेलीच असते, अनेक बंदुकांत दोन-तीन इंच. मागची पिन काढली की ती सगळं सामान घेऊन बाहेर उडते. छातीशी धरून किंवा दाराला टेकवून दाबण्याचे प्रकार लोक करतात. तुम्ही करू नका.

तयार स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतो, पण कोल्हापुरात तो बनवून घेणं जास्त सोयीचं. बंदुकीच्या लांबीहून वीतभर मोठं लोखंडी चॅनेल, एका टोकाला नळीसाठी लाकडी किंवा रबरी टेकू, दुसऱ्या टोकाला पक्की वेल्ड केलेली पट्टी आणि तिच्यातून जाणारा जाड आट्यांचा रॉड. रॉडच्या टोकाला नायलॉनची टोपी हवी, म्हणजे ब्लॉक खरवडत नाही, आणि ती टोपी पिनेची जागा झाकणार नाही इतकी आखूड हवी. रॉडला किमान चार इंच चाल ठेवा, कारण स्प्रिंग पूर्ण सैल होईपर्यंत तो मागे यायला हवा. मधे दोन ठिकाणी बंदूक आडवी सरकू नये म्हणून पट्टे. कारागिराला तोंडी सांगण्यापेक्षा बंदुकीची मापं कागदावर काढून न्या. सुताराचा लांब क्लॅम्पही चालतो, फक्त तो घसरणार नाही याची खात्री करा. स्प्रिंग काढताना आणि बसवताना, दोन्ही वेळेला डोळ्यांना गॉगल.

सुरुवात करण्याआधी नळीत छर्रा नाही आणि बंदूक ताणलेली नाही हे बघा. नळी मोडलेली असताना चाप ओढून कधीच पाहू नका; ती झटक्यात मिटते, बोटं सापडतात, नळी वाकते.

नवी स्प्रिंग घेताना ‘जास्त दमाची’ मागू नका. शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिमी नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात तर प्रकरण वेगळं होतं. शिवाय जड स्प्रिंगने धक्का वाढतो आणि नेम बहुधा बिघडतोच. जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेटोळी मोजून तशीच घ्या.

तेलाच्या बाटल्या कमी ठेवा

शिलाई मशीनचं तेल नळीच्या सांध्याला आणि बाहेरच्या लोखंडाला ठीक आहे. दट्ट्यापुढे मात्र नको. तिथे हवा दाबली गेली की तापते आणि तेल पेटतं: मोठा आवाज, धूर, जळका वास. नवशिक्याला वाटतं बंदुकीत दम आला. खरं तर आत दट्ट्याच्या तोंडाशी हवा अडवणारा वॉशर जळत असतो. स्प्रिंगवर आणि दट्ट्याच्या बाजूंना चारचाकीच्या सीव्ही जॉइंटला लावतात तसलं काळं मॉली ग्रीस, पुसून काढल्यासारखं पातळ. सिलिकॉन तेल रबरी ओ-रिंगला चांगलं, लोखंडावर लोखंड घासतं तिथे निरुपयोगी. जुन्या देशी बंदुकांत चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की दाब धरत नाही, म्हणून त्याला मात्र अधूनमधून एक-दोन थेंब लागतात.

नळी साफ करायला लोखंडी गज टाळा. जाड नायलॉनची मासेमारीची दोरी दुमडून तिच्या फासात सुती चिंधी अडकवा आणि मागून तोंडाकडे ओढा. फारदा करायची गरज नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये लक्ष गंजाकडे द्यायचं: हाताळून झाली की तेलाच्या फडक्याने पुसा आणि रेक्झिनच्या कव्हरात महिनोन्महिने बंद ठेवू नका.

कानस खरेदीच्या यादीत नाहीच. चापाच्या आतल्या अडणीवर कडकपणाचा पातळ थर असतो. तो घासला की चाप हलका होतो खरा, पण बंदूक नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते. ते काम जाणकाराचं.

हात बसल्यावर एकच महाग वस्तू घ्यावी, क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र. 0.53 ग्रॅमचा छर्रा 175 मीटर प्रति सेकंदाने गेला तर ऊर्जा साधारण 8 ज्यूल. बंदूक चांगली असतानाच वेग वहीत लिहून ठेवा. पुढे तो घसरला तर वॉशर किंवा स्प्रिंग पाहा. वेग तोच आणि नेम चुकतोय तर बंदूक खोलू नका, स्क्रू आणि दुर्बीण तपासा.

जोडणी झाल्यावर रिकामा चाप ओढून बघायचा मोह आवरा. पुढे छर्रा नसेल तर दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो. छर्रा भरून, मागे भिंत आणि लाकडी पेटी ठेवून चाचणी घ्या, आणि पन्नासेक छर्ऱ्यांनंतर बटाचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा.