ब्रिटनमधला एअरसाइड पास: पाच वर्षांचा हिशेब कसा जुळवायचा

हीथ्रो, गॅटविक, लूटन, मँचेस्टर. विमानतळ कुठलाही असो, बॅगा चढवायचं, विमानाची केबिन साफ करायचं किंवा सुरक्षा तपासणीच्या पलीकडच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं काम मिळालं, तरी पहिल्या दिवशी थेट आत जाता येत नाही. त्याआधी एअरसाइडचा, म्हणजे तपासणीपलीकडच्या भागाचा, ओळखपास लागतो आणि पासच्या आधी पूर्वतपासणी. पदवी संपवून ग्रॅज्युएट व्हिसावर आलेली किंवा जोडीदाराबरोबर आलेली आपल्याकडची बरीच मुलंमुली या टप्प्यावर आठवडेच्या आठवडे लटकतात, आणि तेही कुठलाही गुन्हा न करता. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो न जुळलेल्या तारखांवर. हे काम ऑफर हातात पडायच्या आधीच करून ठेवता येतं, म्हणून ही सगळी कृती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा पास तुम्ही स्वतःहून काढू शकत नाही. विमानतळाकडे नोंदणी असलेली कंपनी तुमच्यासाठी अर्ज करते आणि कंपनीतली नेमलेली व्यक्ती, म्हणजे ऑथराइज्ड सिग्नेटरी, त्यावर सही करते. ‘आधी पास काढून देतो, मग नोकरी लावतो’ असं सांगून पैसे मागणाऱ्या एजंटला एक पेनीही देऊ नका.

तपासणीत चार भाग असतात: ओळख, मागच्या पाच वर्षांतली नोकरी-शिक्षण आणि मधले खंड, गुन्हेगारी नोंद, आणि सरकारी सुरक्षा छाननी. सगळ्यात जास्त वेळ दुसरा भाग खातो, म्हणून सुरुवात तिथून करा.

पाच वर्षांची पट्टी

अर्जाच्या तारखेपासून मागे बरोबर पाच वर्षं मोजायची. त्या काळातला प्रत्येक दिवस कशाखाली तरी यायला हवा: नोकरी, शिक्षण, स्वतःचा धंदा किंवा खंड. 28 दिवसांपेक्षा मोठा खंड असेल तर तेव्हा तुम्ही कुठे होता आणि काय करत होता याचा पुरावा लागतो. त्याहून लहान खंडाला पुरावा लागत नाही, पण तारखा खऱ्याच लिहायच्या. खंड झाकायला नोकरीची तारीख आठवडाभर पुढेमागे सरकवलीत, तर कंपनीकडून आलेल्या संदर्भपत्रात फरक दिसतो. मग साधा खंड उरत नाही, ती खोटी माहिती ठरते.

एक नमुना करून पाहू. अर्ज 10 मार्च 2026 चा, म्हणजे पट्टी 10 मार्च 2021 पासून. मुलगी तेव्हा कोल्हापुरात बी.कॉम. करत होती, शेवटची परीक्षा 30 जून 2022 ला संपली. पुण्यात बीपीओत 17 ऑगस्ट 2022 ला रुजू, 30 जून 2023 ला बाहेर. 25 सप्टेंबर 2023 ला इंग्लंडमध्ये एम.एस्सी. सुरू, 13 सप्टेंबर 2024 ला संपलं. 7 ऑक्टोबर 2024 पासून गोदामात नोकरी, ती अजून चालू. आता खंड मोजा. 1 जुलै ते 16 ऑगस्ट 2022 हे 47 दिवस, म्हणून पुरावा हवा. 1 जुलै ते 24 सप्टेंबर 2023 हे 86 दिवस, पुरावा हवा. 14 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर 2024 हे 23 दिवस, पुरावा नको. घरी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मी कधी रिकामी बसलेच नाही’. कागदावर मात्र पुरावा लागणारे दोन खंड निघाले. निकालाची वाट पाहणं, व्हिसाची तयारी, लग्न, बाळंतपण, आजारी आईवडिलांची सेवा हे सगळं मान्य होणारं कारण आहे, फक्त ते लिहावं लागतं.

अशी पट्टी साध्या एक्सेलमध्ये बनवा. रकाने: पासून, पर्यंत, काय, कुठला पत्ता, साक्ष कोण देणार, त्यांचा ईमेल आणि फोन. पत्त्याचा रकाना गाळू नका, तो पुढे डीबीएसच्या, म्हणजे गुन्हेगारी नोंद तपासणीच्या, अर्जाला जसाच्या तसा लागतो.

भारतातले संदर्भ

कंपनी किंवा तिने नेमलेली छाननी संस्था जुन्या मालकांना स्वतः विचारते. तुम्ही पुढे केलेलं अनुभवपत्र आधाराला उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर भागेलच असं नाही. ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचा हवा. जुन्या साहेबांचा खासगी जीमेल दिलात तर तो बहुधा परत येतो, कारण त्या पत्त्यामागे खरोखर कोण आहे हे तपासता येत नाही.

आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. अनेक अनुदानित महाविद्यालयांचा अधिकृत ईमेलच जीमेलवर असतो. अशा वेळी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तोच पत्ता आणि दूरध्वनी छापलेला आहे का ते पाहा आणि त्या पानाचा दुवा सोबत द्या. कार्यालयातून लेटरहेडवर पत्र घ्या: प्रवेशाची तारीख, शेवटच्या परीक्षेची तारीख, गोल शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक असला की कोणी फोन केला तर लिपिकाला रजिस्टरमध्ये नोंद लगेच सापडते. नाहीतर ‘असं पत्र आम्ही दिलेलं नाही’ असं उत्तर जाण्याची भीती असते. पत्र इंग्रजीतच मागा. मराठीत मिळालं तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागेल.

एचआरला आधी फोन करून ठेवा. ब्रिटनमधून आलेलं संदर्भ मागणारं पत्र स्पॅममध्ये जातं, नाहीतर ‘हे कोण?’ म्हणून तसंच पडून राहतं. दोन माणसांचे संपर्क द्या. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे लंडनच्या दुपारी पुण्याचं कार्यालय बंद व्हायला आलेलं असतं. दिवाळीच्या आठवड्यात उत्तराची अपेक्षाच ठेवू नका.

कंपनी बंद पडली असेल तर पीएफचा आधार घ्या. ईपीएफओच्या पोर्टलवर तुमच्या यूएएनखाली सर्व्हिस हिस्टरी असते, त्यात आस्थापनेचं नाव, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. सोडल्याची तारीख मालकाने भरलेलीच नसते असं बरेचदा आढळतं, ती आधी दुरुस्त करून घ्या. जोडीला फॉर्म 16 आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट. ब्रिटनमधल्या नोकऱ्यांसाठी एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या करविभागाच्या, ऑनलाइन खात्यातून रोजगाराचा इतिहास उतरवून घेता येतो. पी45 (नोकरी सोडताना मिळणारा) आणि पी60 (करवर्षाच्या शेवटी मिळणारा) हे पगार-कराचे दाखलेसुद्धा जपून ठेवा.

वडिलांच्या दुकानात किंवा घरच्या शेतीत काम केलं असेल तर वडिलांची चिठ्ठी चालत नाही. सीएचं पत्र, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्र असं बाहेरच्या कोणीतरी तयार केलेलं कागदपत्र लागतं.

खंडाची साक्ष देणारी व्यक्ती नातेवाईक, जोडीदार किंवा त्याच पत्त्यावर राहणारी नसावी, आणि त्या काळात ती तुम्हाला खरंच ओळखत असावी. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, सोसायटीचे सचिव चालतात. प्रवासात असाल तर पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं ठेवा. ब्रिटनमध्ये बेरोजगार भत्ता घेत असाल तर त्याचं सरकारी पत्र सगळ्यात सोपं.

गुन्हेगारी नोंद: इथली आणि तिथली

इंग्लंड आणि वेल्ससाठी बेसिक डीबीएस, स्कॉटलंडसाठी डिस्क्लोजर स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडसाठी ॲक्सेसएनआय. बेसिक डीबीएसचं शुल्क 2 डिसेंबर 2024 पासून 21.50 पौंड आहे आणि प्रमाणपत्र साधारण 14 दिवसांत येतं. पासचा अर्ज जाताना ते दहा आठवड्यांपेक्षा जुनं नसावं, म्हणून फार लवकर काढू नका. संदर्भ गोळा व्हायला लागले की मग अर्ज करा. नाहीतर पुण्याच्या एचआरची वाट पाहण्यात दहा आठवडे उलटतात आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

पाच वर्षांत ब्रिटनबाहेर एखाद्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल तर त्या देशाचं पोलीस प्रमाणपत्रही लागतं. वरच्या नमुन्यातल्या मुलीला भारताचं लागेलच. ब्रिटिश पासपोर्ट असलेला माणूस आईच्या आजारपणात सात महिने साताऱ्यात राहिला असेल, तर त्यालाही हा नियम लागू. आखातात नोकरी करून इथे आलेल्यांनी तिथलं प्रमाणपत्र देश सोडण्याआधीच काढावं. तिथलं ओळखपत्र रद्द झाल्यावर तेच काम कितीतरी किचकट होतं.

भारतासाठी पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी काढा. भारतात असाल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून, 500 रुपये भरून. ब्रिटनमध्ये असाल तर व्हीएफएसमार्फत भारतीय उच्चायोगाकडे. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते भारतातल्या नोकरीसाठी असतं, ते आणून देऊन वेळ घालवू नका. पीसीसीवर कुठल्या देशासाठी दिलं ते लिहिलेलं असतं. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासाठी काढलेलं जुनं इथे पुढे करू नका.

पीसीसी अडायची दोन नेहमीची कारणं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असतो, हवालदार तिथे जाऊन ‘राहत नाही’ असा शेरा मारतो. दुसरं, नावावर प्रलंबित गुन्हा असतो. लॉकडाउनमध्ये कलम 188 (सरकारी आदेश मोडणं) खाली असंख्य गुन्हे नोंदले गेले. दंड भरला म्हणजे संपलं असं समजून पुष्कळांनी पुढे चौकशीच केली नाही. तुमचं नाव त्यात असेल तर घरच्यांकरवी न्यायालयातून प्रकरण निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रत काढून ठेवा.

ब्रिटनमध्ये वेगमर्यादा मोडल्याची फिक्स्ड पेनल्टी, म्हणजे न्यायालयाबाहेर भरलेला ठरावीक दंड, ही दोषसिद्धी नव्हे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं असेल, तर ती आहे. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर द्या. अपात्र ठरवणाऱ्या गुन्ह्यांची यादी ठरलेली आहे. यादीतला गुन्हा असला तरी सर्टिफिकेट ऑफ डिसरिगार्डसाठी, म्हणजे तो गुन्हा बाजूला ठेवण्याच्या प्रमाणपत्रासाठी, अर्ज करायची वाट आहे. लपवलेला गुन्हा उघड झाला की मात्र ती वाटही कठीण होते.

नावं आणि सुरक्षा छाननी

आपली नावं इथे हमखास गोंधळ घालतात. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, पगारपत्रकावर मधलं नाव गायब, पदवीवर आडनाव आधी आणि लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहा आणि आधी वापरलेली सगळी नावं तारखांसह नोंदवा. माहेरचं नाव लिहायचं राहिलं तर डीबीएस अपुरं ठरतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. पासपोर्ट नुकताच नवा केला असेल तर यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यातली ई-व्हिसाची नोंदही बदलून घ्या. काम करण्याचा हक्क मालकाला ऑनलाइन दाखवणारा शेअर कोड आणि हातातला पासपोर्ट जुळला पाहिजे.

सरकारी छाननी यूकेएसव्ही ही संस्था करते. साध्या एअरसाइड कामांना ॲक्रेडिटेशन चेक लागतो. सुरक्षा तपासणीसारख्या ठरावीक कामांना काउंटर टेररिस्ट चेक, म्हणजे सीटीसी लागतो आणि त्यासाठी साधारण तीन वर्षांचं ब्रिटनमधलं वास्तव्य अपेक्षित असतं. गेल्याच वर्षी आलेल्याने स्क्रीनिंग ऑफिसरच्या जागेसाठी वेळ घालवण्यापेक्षा सामान हाताळणी, केटरिंग किंवा किरकोळ विक्रीच्या जागा पाहाव्यात. सीटीसीच्या अर्जात आईवडिलांच्या आणि जोडीदाराच्या जन्मतारखा, जन्मस्थळं विचारतात. गावाकडच्या जुन्या पिढीची खरी जन्मतारीख आणि कागदावरची 1 जून यांत फरक असतो, तेव्हा कागदावरचीच लिहा.

पास मिळायच्या आधी जनरल सिक्युरिटी अवेअरनेस ट्रेनिंग, म्हणजे जीसॅट पूर्ण करावं लागतं. ते पाच वर्षं ग्राह्य असतं. पास देणाऱ्या आयडी सेंटरच्या भेटीला मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्सवर काम होत नाही. पासवर नाव आणि क्षेत्रं छापलेली असतात, ती तिथेच खिडकीवर वाचून घ्या. क्षेत्र चुकलं असेल तर दार उघडत नाही आणि दुरुस्तीसाठी पुन्हा सिग्नेटरीची सही लागते.

पास हाती आल्यावर तो हरवला तर लगेच कळवायचा, कोणाला वापरायला द्यायचा नाही, आपल्या पासवर दुसऱ्याला मागोमाग दारातून आत घ्यायचं नाही. तपासणीनंतर कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेही कळवावं लागतं. नोकरी सोडताना पास परत करून पोच मागून घ्या. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला तपासणी पुन्हा होते, तेव्हा केलेली एक्सेलची पट्टी पुसू नका. नवी नोकरी लागली की त्याच दिवशी तिची ओळ भरा, आणि जुन्या एचआरचा माणूस बदलला की त्याचा ईमेलही.