कुरकुरीत कोळंबी, गोडतिखट पाक आणि कढई तापायच्या आधीची कामं

पहिलं कॅलेंडर बघा, कोळंबी नंतर. आमच्या घरात आई माळकरी, त्यामुळं एकादशी, चतुर्थी वगळून जो रविवार हाताला लागतो तो पकडायचा, आणि श्रावण चालू असेल तर विषयच काढायचा नाही. जून-जुलैत तसंही समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत सांगलीत जी कोळंबी दिसते ती तळ्यातली नाहीतर फ्रीजरमधली, तेवढं विचारून घ्या. तळ्यातली म्हणजे वाईट असं अजिबात नाही हां. वेनामी म्हणतात ती मूळची मेक्सिको-पेरूकडच्या किनाऱ्यावरची, आपल्या देशात २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली, आणि तळायला मला तरी तीच बरी वाटते, कारण सगळ्या एका मापाच्या मिळतात आणि कढईत एकदम शिजतात. कालवणाला समुद्राची घ्या, चव तिचीच.

माप किलोत किती नग बसतात त्यावर सांगायचं. डोक्यासकट किलोला चाळीस-पन्नास नग येतील अशी घ्या, त्याहून बारीक घेतली तर वरचं पीठ कुरकुरीत होईपर्यंत आतली रबर होते. आणि डोकं, साल, दोरा गेल्यावर हातात साधारण निम्मीच राहते, म्हणून सहा माणसांना चकणा... म्हणजे स्टार्टर म्हणून द्यायची तर एक किलो आणा, खालची सगळी मापं त्या सोललेल्या अर्ध्या किलोची आहेत. माल रत्नागिरीकडनं घाट चढून येतो, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा सकाळी लवकर जा आणि डोकं बघा, ते मानेला घट्ट असलं पाहिजे, काळं पडलेलं किंवा लोंबणारं नको. नाकाला झोंबणारा वास आला तर भाव करत बसू नका, सरळ घरी या आणि पिठलं करा. घरातनं निघतानाच स्टीलचा डबा आणि बर्फाची पिशवी न्या, आपल्याकडचं ऊन माहितीये, पार्किंगमधनं गाडी काढेपर्यंत पिशवी कोमट होते. पाकिटातली फ्रोझन आणणार असाल तर आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत काढून ठेवा, खाली भांडं ठेवून, गरम पाण्यात बुडवायचा शहाणपणा नको. तिच्यावर कंपनीनं बर्फाचा एक थर चढवलेला असतो, त्याला ग्लेझ म्हणतात, त्यामुळं वजन बर्फ धरून लिहिलंय का बर्फ सोडून ते वाचून घ्या.

येणाऱ्यांना फोन करून कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का तेही आधीच विचारा, ताट समोर आल्यावर नको.

आता सोलणं. हे काम आदल्या रात्री नाही, त्याच दिवशी दुपारी. डोकं पिरगळून काढा, पायांकडनं साल सोडवा, शेपटीचं शेवटचं टोक राहू द्या, धरायला बरं पडतं. पाठीवर चाकूनं हलकी चीर देऊन काळा दोरा ओढा. शेपटीच्या टोकात पाणी साचलेलं असतं, ते चाकूच्या पाठीनं खरवडून काढा नाहीतर तेलात पडल्यावर जे उडतं ते थेट मनगटावर. डोकी-सालं टाकू नका, उकळून गाळून घेतलं की दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला उपयोगी, आणि उरलेला चोथा कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा थेट घंटागाडी येईपर्यंत. आम्ही एकदा कचऱ्याच्या डब्यात ठेवला तर रात्रभर तीन बोके डब्याशी आणि सकाळी शेजारच्या काकू दाराशी.

सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, बास. वीस मिनिटं फ्रीजमध्ये. सोड्यानं तिचं पाणी आतच धरून राहतं आणि चावल्यावर कटकन तुटते. इथं सवयीनं हात लिंबाकडं जातो, तो आवरा, लिंबानं सोड्याचं काम मोडतं. आणि हळद तर अजिबात नको, हे मी सांगतोय, जिच्या जिवावर आमचा मार्केट यार्ड चालतो ती हळद. पहिल्या वेळी सांगलीकर म्हणून अभिमानानं टाकली आणि वीस मिनिटांनी बघतो तर कोळंबीवर तांबडे डाग, म्हटलं माल खराब लागला, दुकानदाराला फोन पण लावला. शेवटी आजीनं हसत सांगितलं, अरे कुंकू कसं करतात, हळदीला खार लागला की ती लाल होणारच. सोडा पण खारच की. दुकानदाराची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मग कोरडं करणं, आणि सगळ्यात जास्त जीव इथं लावा. स्वच्छ सुती पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून, दोन्ही बाजूंनी टिपा, आणि झाकण न ठेवता परत अर्धा तास फ्रीजमध्ये, म्हणजे वरची ओल पण जाते. मी हा अर्धा तास दोनदा वाचवला आणि दोन्ही वेळा पिठाचा सदरा कढईत सुटून वेगळा तरंगत होता.

पीठ आधीच कोरडं कालवून ठेवा : चार मोठे चमचे कॉर्नफ्लॉर, दोन तांदळाचं पीठ, दोन मैदा, मिरपूड, चिमूटभर मीठ. मैदा वाढवू नका, त्याला चिकटपणा येतो आणि आवरण चिवट होतं. भज्यासारखं पातळ भिजवायचं नाहीच, एका अंड्याचा पांढरा बलक फेटून त्यात कोळंबी बुडवायची, निथळायची आणि कोरड्या पिठात दाबून घोळायची. घोळून पाच मिनिटं ताटात सुटी सुटी ठेवा, पीठ जागोजाग ओलसर दिसायला लागलं की बसलं समजा.

पाक दुपारीच अर्धा करून ठेवा, आणि मिक्सर तर सकाळीच फिरवून घ्या, कारण रविवारी संध्याकाळी लाईट जाणार आणि ती नेमकी लसूण भांड्यात घातल्यावर जाणार. सहा-सात ब्याडगी रंगाला, दोन संकेश्वरी जाळाला, कोमट पाण्यात भिजवून बिया काढून दहा-बारा लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढ्या आल्याबरोबर गंधासारखं वाटायचं. गोडीला साखर किंवा मध कशाला, आपल्या गावात गूळ असताना. शंभर ग्रॅम काळपट गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गाळल्याशिवाय नको, कचकच लागते. चमचाभर तेलात वाटण परता, त्यात गूळपाणी, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक सोया सॉस, मीठ शेवटी चाखून, कारण सोया पण खारट आणि गूळही कधीकधी खारट निघतो. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह मला पण झाला होता, सातारा-सांगलीच्या माणसाला तो होणारच, पण त्यातलं खोबरं-तीळ पाकात रवाळ लागतं आणि सगळं मटणाच्या रश्श्यासारखं वास मारतं. ठेवा बाजूला.

कॉर्नफ्लॉरची पेस्ट लावून पाक दाट करू नका. तो दिसतो दाट पण आत पाणी तसंच असतं, आणि तेच पाणी पाच मिनिटांत आवरण मऊ पाडतं. माझ्या दाजींनी गेल्या दिवाळीत तशीच केली, ताटात आली तेव्हा चकचकीत आणि दुसरा घास घेईपर्यंत भिजलेला पाव, आणि दाजी समोर बसलेले, बोलायची सोय नाही. पाक आटवूनच दाट करायचा, चिक्कीला करतो त्याच्या बराच आधी थांबायचा, एकतारी. थंड ताटलीत थेंब टाका, क्षणभर निवू द्या, चिमटीत धरून बोटं लांबवा, एक तार निघाली की गॅस बंद. पातेल्यातला पाक थेट बोटाला लावून बघू नका, गुळाचा चटका चिकटून बसतो. दुपारी तारेच्या जरा अलीकडंच थांबा, उरलेलं संध्याकाळी.

तळण आमच्याकडं गच्चीवर, वेगळी शेगडी, वेगळी लोखंडी कढई, झारा पण वेगळा. गच्चीवर करणार असाल तर वाऱ्याला आडोसा म्हणून जुना पत्रा लागतो, नाहीतर जाळ कढई सोडून भलतीकडंच जातो. सिलिंडर हलवून बघा. हे लिहिताना मला कारण आहे.

शेंगतेल लिटरभर, कढई निम्मी भरेल एवढंच. पिठाचा कण टाकला की खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे, थर्मामीटर असेल तर १८०. एका वेळी सात-आठच, गर्दी केली की तेल निवतं आणि कोळंबी तेल पिते. दीड मिनिट, इंग्रजी सी सारखी वाकली की काढा, वाकून ओ झाली म्हणजे गेली कामातनं. कागदावर नाही, जाळीवर काढा, कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेनं मऊ पडते. सगळे घाणे झाले की तेल आणखी जरा तापवून अर्धा मिनिट परत एकदा. हे तेल नंतर पुऱ्यांना चालत नाही, वास राहतो, मनाची तयारी ठेवा.

दुसऱ्या तळणाच्या आधी बाजूच्या शेगडीवर पाक तारेवर आणलेला हवा, भाजलेले तीळ आणि चिरलेली कांद्याची पात वाटीत हवी, आणि पाहुणे वर येऊन बसलेले हवेत, "येतोच पाच मिनिटांत" वाले धरायचे नाहीत. कोळंबी पाकात, दोन-तीनदा पातेलं उडवायचं, चमच्यानं ढवळायचं नाही, तीळ-पात टाकून लगेच ताटात.

पाकाचं पातेलं गच्चीवरच्या नळालाच धुवायचं, गूळ गार व्हायच्या आत, कढई पण तिथंच, आणि दोन्ही खाली आणायची नाहीत.